मंदारवतीला कुणी विचारलं?

लेखमाला : गोष्टींचं गोत्र । लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण मुंजा, हडळ आणि आसरा यांच्या कथा पाहिल्या. आज त्यांच्या परदेशी भाऊबंदाकडे वळू. व्हॅम्पायर म्हणजे मेलेला असूनही न मेलेला, माणसाच्या रक्तावर जगणारा जीव. अशा जिवावर एखाद्या हाडामांसाच्या मुलीचं प्रेम बसतं, या कल्पनेवर आज जगभर कादंबऱ्या लिहिल्या जातात. मराठवाड्यातल्या जाफराबादच्या कॉलेजात जाणारी मुलंमुलीही त्या मोबाइलवर वाचतात, त्यांच्यावरचे सिनेमे पाहतात. घरातल्या मोठ्यांना हे खूळ वाटतं. मला मात्र या कादंबऱ्या गंभीरपणे वाचाव्यात अशा वाटतात. शिवाय त्या नीट कळायच्या असतील, तर आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातली एक जुनी गोष्ट शेजारी ठेवायला हवी.

मूळचा रक्तपिपासू कुणी प्रेमात पडावं असा नव्हताच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सर्बियातल्या मेदवेजा गावात माणसं एकामागून एक दगावू लागली. काही वर्षांपूर्वी मेलेल्या आर्नोल्ड पाओले या माणसापासून हे सुरू झालं, असं गावकरी सांगू लागले. ऑस्ट्रियाच्या लष्करी वैद्यांनी गावातली थडगी उघडून पाहिली आणि जानेवारी १७३२ मध्ये अहवाल लिहिला. काही प्रेतं कुजलेली नव्हती, त्यांच्या अंगात ताजं रक्त दिसत होतं. आज याची कारणं माहीत आहेत. थंडीत पुरलेलं शरीर सावकाश कुजतं, आतल्या वायूंनी फुगतं आणि तोंडानाकातून तांबडा द्राव बाहेर येतो. रोगाचं कारण कळत नव्हतं, तेव्हा गावानं आपल्याच मेलेल्या माणसावर आळ घेतला. व्हॅम्पायर जन्मला तो साथीच्या भयातून.

त्याला देखणेपण दिलं ते लेखकांनी. कवी बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी यानं १८१९ मध्ये फुगलेल्या खेडूत प्रेताचा थंड नजरेचा उमराव केला. शेरिडन ल फानूच्या १८७२ च्या ‘कार्मिला’त रक्तपिपासू एक तरुणी आहे. ती ज्या मुलीचं रक्त पिते तिच्यावरच तिचा जीव आहे, आणि त्या मुलीलाही तिची ओढ आणि किळस एकाच वेळी वाटते. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’नं पुन्हा भीतीला पुढे आणलं. ॲन राइसच्या १९७६ च्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये तो स्वतः बोलू लागला, पस्तावू लागला. पस्तावा आला की प्रेमाला जागा होते. मग २००५ मध्ये स्टेफनी मायरची ‘ट्वायलाइट’ आली.

तिचा नायक एडवर्ड १९१८ च्या इन्फ्लुएंझात मरणाच्या दारात होता. त्याच साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत, आणि तिनं महाराष्ट्रातली गावंच्या गावं ओस पाडली. एडवर्डला वाचवणारा डॉक्टर त्याला व्हॅम्पायर करतो, आणि तो कायमचा सतरा वर्षांचा राहतो. या डॉक्टरचं कुटुंब माणसाचं रक्त पीत नाही, जनावरांवर भागवतं. बेला नावाच्या मुलीच्या रक्ताचा वास त्याला इतर कुणाहीपेक्षा अधिक अनावर होतो, आणि तिच्यावरच त्याचं प्रेम बसतं.

अशी कादंबरी तीन गोष्टींवर चालते. पहिली, भूक. प्रियकराला जे हवं आहे तेच प्रेयसीचा जीव घेणारं आहे, म्हणून त्याचं प्रेम त्यानं काय केलं यापेक्षा त्यानं काय टाळलं यावर मोजलं जातं. दुसरी, काळ. एक म्हातारी होणार, दुसरा होणार नाही. मग दोघांनी मिळून काय ठरवायचं? तिसरी, उंबरठा. ‘ड्रॅक्युला’त असा नियम आहे की घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला पहिल्यांदा आत येता येत नाही. राक्षसालाही होकाराची वाट पाहावी लागते.

मुलींनी आणि मुलांनी ‘ट्वायलाइट’ वाचताना या तिसऱ्या गोष्टीकडे नीट पाहावं. एडवर्ड रात्री बेलाच्या नकळत तिच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना पाहत बसतो. कादंबरी याला प्रेम म्हणते. मी याला प्रेम म्हणणार नाही. भूक आवरणाऱ्या माणसानं उंबरठाही पाळायला हवा.

आता आपल्या गोष्टीकडे येऊ. जाफराबादजवळून वाहणारी पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीच्या काठी, वरच्या अंगाला, पैठण आहे, सातवाहनांचं प्रतिष्ठान. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ लिहिला. त्यातल्या वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा याच प्रतिष्ठानचा. उज्जैनचा विक्रम नंतरच्या कथनांतून आपल्या ओळखीचा झाला. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री एका साधूच्या सांगण्यावरून राजा स्मशानातून प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो.

त्यातली दुसरी गोष्ट मंदारवतीची. तिला तीन तरुणांनी मागणी घातली होती. लग्न ठरण्याआधीच ती तापानं गेली. एकानं तिच्या चितेच्या जागी झोपडी बांधली आणि तो तिच्या राखेवर झोपू लागला. दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेला गेला. तिसरा भटकत राहिला; एका घरी जळालेल्या मुलाला मंत्रानं जिवंत होताना त्यानं पाहिलं आणि ती पोथी उचलून आणली. मंत्र म्हटल्यावर राखेतून मंदारवती उठली आणि तिघं भांडू लागले. ही कुणाची? राजानं सांगितलं : ज्यानं तिला जिवंत केलं तो बाप, ज्यानं अस्थी नेल्या तो मुलगा, आणि जो स्मशानात तिच्याजवळ थांबला तो नवरा.

माणूस आणि मेलेला जीव यांच्यातल्या प्रेमावर याहून खोल काही क्वचितच लिहिलं गेलं असेल. मंत्र येणं मोठं, पण सोबत थांबणं त्याहून मोठं. आजच्या सगळ्या व्हॅम्पायर-प्रेमकथा याच निकषाशी येऊन पोहोचतात.

या दोन परंपरांची भेटही झालेली आहे. मुंबई इलाख्याच्या फौजेत राहून मराठीची परीक्षा दिलेल्या रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये वेताळकथा इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हॅम्पायरच्या पंगतीला बसवलं. पण आपला वेताळ रक्तासाठी कुणामागे लागत नाही. तो गावाच्या शिवेवर शेंदूर लावून बसतो, गोव्यात आमोण्यासारख्या गावी तर देव म्हणून पुजला जातो. गोष्टीच्या शेवटी तोच राजाला कपटी साधूपासून वाचवतो. त्याला माणसाकडून उत्तर हवं असतं.

मराठी भयकथेत व्हॅम्पायर आला तो भीतीच्या वाटेनं. नारायण धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून बेतलेली आहे. अलीकडे, २०२५ मध्ये, आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकानं ‘थामा’ या हिंदी चित्रपटात रक्त पिणाऱ्यांना ‘बेताल’ म्हटलं आणि माणूस व बेताल यांची प्रेमकथा सांगितली. दोन्ही परंपरा आता एकाच अंगणात आल्या आहेत.

माझं खरं म्हणणं इथे येतं. मंदारवतीच्या गोष्टीत एक मोठी उणीव आहे. ती राखेतून उठते, तिघं भांडतात, वेताळ विचारतो, राजा निवाडा देतो. पण ज्या बाईचं आयुष्य पणाला लागलंय तिला कुणी काही विचारत नाही. ‘ट्वायलाइट’मध्ये कितीही दोष असोत, ती कादंबरी बेला स्वतः सांगते. कुणाजवळ राहायचं, माणूस राहायचं की नाही, हे ती बोलते, आग्रह धरते, चुकते. लाखो मुलींना हे पुस्तक आपलं वाटलं, त्यामागे हे कारण मला मोठं वाटतं. जुन्या गोष्टीला थांबण्याची किंमत ठाऊक आहे, नव्या कादंबरीला तिच्या आवाजाची. एकीकडे जे नाही ते दुसरीकडे आहे.

म्हणून मराठवाड्यातल्या लिहित्या मुलींना माझी विनंती आहे. व्हॅम्पायरची प्रेमकथा लिहायची असेल तर ती ड्रॅक्युलाच्या ट्रान्सिल्व्हेनियात नेऊ नका. पैठणची गोदावरी घ्या, गावच्या शिवेवरचा वेताळ घ्या, आणि पहिल्या वाक्यापासून मंदारवतीला बोलू द्या. तिचं उत्तर राजाच्या उत्तराहून वेगळं निघालं, तर ती गोष्ट मराठीला हवीच आहे.

(पुढील लेखांकात : पिशाचांच्या भाषेत बृहत्कथा लिहिणारा गुणाढ्य आणि प्रतिष्ठानचा सातवाहन राजा)