पिल्लाला शिकवायचं, पण खाऊ कोणता?

जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. (सोलापूर जिल्ह्यातलं, महामार्गावरचं टेंभुर्णी ते वेगळं.) कापूस, मका, सोयाबीनची शेतं आणि त्यांत विखुरलेल्या वस्त्या असा हा भाग. वस्तीवर राखणीला कुत्रं हवंच. मग कुणाच्या तरी घरी कुत्री व्याली की एक पिल्लू उचलून आणलं जातं. घरातली मुलं त्याला नाव देतात, ‘ये’, ‘बस’ शिकवू लागतात आणि हातात असतो ग्लुकोजचा बिस्किटपुडा. मोठी माणसं मात्र काठी दाखवतात.

बिस्किट बरं की काठी? बिस्किट बरं असेल, तर तेच का? भाकरीचा तुकडा का नाही? प्रश्न साधे वाटतात, पण त्यांच्या उत्तरात शरीरशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि सातवी-आठवीच्या मुलांना जमेल असं गणितही आहे. शिवाय या प्रश्नाचा संबंध गावातल्या मुलांच्या जिवाशी येतो. तो कसा, ते पुढे पाहू.

बक्षिसानं नेमकं काय घडतं?

१८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक या संशोधकानं भुकेल्या मांजरांना एका खोक्यात कोंडलं. बाहेर खाणं ठेवलेलं. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. पहिल्यांदा मांजर धडपड करी, ओरबाडी आणि योगायोगानं खटका दाबला जाई. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर निरर्थक धडपड कमी होत गेली आणि सुटकेला लागणारा वेळही घटत गेला. ज्या कृतीनंतर सुखद काही घडतं ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, असा निष्कर्ष थॉर्नडाइकनं काढला. पुढे स्किनर या मानसशास्त्रज्ञानं याच सूत्रावर सविस्तर प्रयोग केले.

यातला ‘नंतर’ हा शब्द महत्त्वाचा. नंतर म्हणजे किती वेळानं? पिल्लू बसलं, आपण खिशात हात घातला, पुडा उघडला, तोवर ते उठून उड्या मारू लागलं आणि तेव्हा त्याला बिस्किट मिळालं. त्याच्या दृष्टीनं बक्षीस कशाचं? उड्या मारण्याचं! कृती आणि बक्षीस यांच्यात एखाद-दुसऱ्या सेकंदाचंच अंतर असावं. म्हणून खाऊ आधीच हातात हवा. तो लहान हवा आणि मऊही हवा, म्हणजे पिल्लू तो चटकन गिळेल आणि पुन्हा आपल्याकडे पाहील. कडक बिस्किट चावताना चुरा सांडतो. पिल्लू तो चुरा हुंगत बसतं आणि धडा तिथंच संपतो.

दर वेळी हात इतका चपळ चालत नाही. त्यासाठी एक युक्ती आहे. ‘शाब्बास’ म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा, असं वीस-पंचवीस वेळा करायचं. मग ‘शाब्बास’ हा शब्दच खाऊची वर्दी देऊ लागतो. पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांची लाळ खाणं येण्यापूर्वीच, नुसत्या खुणेनं सुटू लागली होती, तोच हा प्रकार. (पावलॉव्ह यांना १९०४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं ते मात्र पचनक्रियेवरच्या संशोधनाबद्दल.)

पिल्लाचे दात, नाक आणि पोट

पिल्लाला तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दुधाचे दात येतात. ते २८ असतात. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या हुळहुळ्या असतात. मऊ खाऊचं हे आणखी एक कारण.

चवीचं काय? माणसाच्या जिभेवर काही हजार स्वादकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १७००. म्हणजे चवीच्या बाबतीत कुत्रं आपल्या मागेच. पण वास ओळखणारी त्याची जनुकं आपल्यापेक्षा दुपटीच्या आसपास आहेत. त्यामुळे खाऊची किंमत कुत्रं आधी नाकानं ठरवतं. थंडगार तुकड्यापेक्षा कोमट तुकडा त्याला जास्त आवडतो, कारण उष्णतेनं वासाचे रेणू अधिक प्रमाणात हवेत मिसळतात.

कुत्र्याला मांस जन्मतःच आवडतं, असं आपण धरून चालतो. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. मोठी कुत्री मांसाचा वास असलेल्या पदार्थाला आधी तोंड लावतात, पण पिल्लांमध्ये अशी पसंती दिसत नाही, असं त्यांना आढळलं. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे मांसाची आवड पिल्लू वाढताना शिकतं. आपल्या दृष्टीनं याचा अर्थ सोपा आहे. शाकाहारी घरातल्या पिल्लालाही घरातल्याच खाऊवर शिकवता येतं.

आणि भाकरी? लांडग्याच्या पोटाला पिष्टमय पदार्थ फारसे मानवत नाहीत. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं जगताना कुत्र्याचं पोटही बदललं. ज्वारीच्या भाकरीवर वाढणारं वस्तीवरचं कुत्रं हा त्याचा डोळ्यांसमोरचा पुरावा. फक्त भाकरीवर पिल्लाची वाढ नीट होत नाही, त्याला प्रथिनं लागतात. पण शिकवतानाचा तुकडा म्हणून भाकरी उत्तम.

खाऊचं गणित

आता वही-पेन्सिल घ्या. पिल्लाला दिवसाकाठी किती उष्मांक लागतात? पशुवैद्यकात त्यासाठी एक सूत्र वापरतात. वजनाचा (किलोग्रॅममध्ये) ०.७५ वा घात काढायचा आणि त्याला ७० नं गुणायचं. ही झाली स्वस्थ पडून राहण्याची गरज. चार महिन्यांखालच्या पिल्लासाठी तिची तिप्पट धरतात.

०.७५ वा घात साध्या गणकयंत्रावरही काढता येतो. वजनाचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि येणाऱ्या संख्येचा घन करा. ३ किलोच्या पिल्लासाठी: ३ चं वर्गमूळ १.७३२, त्याचं वर्गमूळ १.३१६, त्याचा घन सुमारे २.२८. आता ७० × २.२८ = १६० आणि १६० × ३ = ४८० उष्मांक.

खाऊतून दिवसभराच्या गरजेच्या दहा टक्क्यांहून अधिक उष्मांक जाऊ नयेत, असा पशुवैद्यांचा संकेत आहे. बाकीचं नव्वद टक्के चौरस जेवणातून मिळायला हवं. म्हणजे आपल्या पिल्लाचं ‘खाऊचं अंदाजपत्रक’ ४८ उष्मांकांचं. त्यात काय काय बसतं ते पाहू. (आकडे अर्थातच स्थूल आहेत.)

• ग्लुकोज बिस्किट: एकात सुमारे २० उष्मांक. अडीच बिस्किटांतच अंदाजपत्रक संपलं! शिवाय त्यात साखर आणि मैदाच जास्त.

• ज्वारीची भाकरी: ७० ग्रॅम पिठाची भाकरी सुमारे २४० उष्मांकांची. तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे भिजवलेल्या हरभऱ्याएवढे सुमारे ४० तुकडे.

• नुसती उकडलेली कोंबडी: हाड-कातडी काढून ३० ग्रॅम. अर्ध्या अर्ध्या ग्रॅमचे ६० तुकडे.

• उकडलेल्या अंड्याचं पांढरं: एका अंड्यात सुमारे १७ उष्मांक, तुकडे मात्र ६० च्या वर.

शिकण्यासाठी गरज असते ती पुष्कळ वेळा बक्षीस मिळण्याची. मोठं बक्षीस एकदाच मिळून भागत नाही. ‘बस’ हा एक शब्द पक्का व्हायला कितीतरी आवर्तनं लागतात. अडीच बिस्किटांत ती कशी होणार? चाळीस-साठ तुकड्यांत होतात. अंडं कच्चं मात्र देऊ नये. कच्च्या पांढऱ्या भागातलं अॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं. शिजवल्यावर ते निकामी होतं.

हे देऊ नका

माणसाला चालतं ते सगळं कुत्र्याला चालतं असं नाही. काही पदार्थ तर विषासारखे आहेत.

चॉकलेट: यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेलं तरी उलट्या, बेचैनी सुरू होते. दुधाच्या चॉकलेटात दर ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम असतं. ३ किलोच्या पिल्लाला ३० ग्रॅमची वडी पुरे. गडद चॉकलेट याहून कितीतरी घातक.

द्राक्षं आणि मनुके: यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जालना तालुक्यातलं कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामानंतर द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध झालं. अशा बागाईत भागात तर हे मुलांना आवर्जून सांगायला हवं.

कांदा-लसूण: यांतली गंधकाची संयुगं तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्यानं त्यांचा दोष जात नाही. म्हणून रश्श्यातला मांसाचा तुकडा देऊ नये, वेगळा उकडलेला द्यावा.

झायलिटॉल: बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये हा गोडवा असतो. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्यानं एकदम घसरते.

शिजवलेली हाडं: शिजवल्यावर ती ठिसूळ होतात, त्यांच्या टोकदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात.

पेढा-बर्फी: साखर तर आहेच, पण आईचं दूध सुटल्यावर दुग्धशर्करा पचवण्याची ताकदही कमी होत जाते. जुलाब होतात.

‘बस’ कसं शिकवाल?

पिल्लाला थोडी भूक लागली असताना सुरुवात करा, पण उपाशी ठेवू नका. तुकडा त्याच्या नाकाजवळ धरा आणि हात हळूहळू वर, डोक्याच्या मागे न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा. हे जमल्यावर आधी ‘बस’ म्हणायचं आणि मग हात हलवायचा. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत.

मग जन्मभर खाऊ देत राहायचं का? नाही. कृती पक्की झाली की दर वेळी देऊ नका, कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा द्या. अशा अनिश्चित बक्षिसानं लागलेली सवय लवकर मोडत नाही. मधल्या वेळी पाठीवरून हात फिरवा. आयसर कोलकाताच्याच २०१७ च्या एका अभ्यासात अनोळखी माणसांवर रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विश्वास खाण्यापेक्षा कुरवाळण्यानं अधिक बसल्याचं दिसलं.

काठी का नको?

काठीनं पिल्लू शिकत नाही का? शिकतं, पण काठीबरोबर माणसाची भीतीही शिकतं. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर देऊन शिकवलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली, त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे संप्रेरकही शिकवणीनंतर जास्त वाढलेलं आढळलं. पिल्लाचे तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस माणसांशी नातं जुळण्याचे असतात. या दिवसांत भ्यायलेलं पिल्लू मोठेपणी हात पुढे आला की दात दाखवतं.

इथंच हा विषय जिवाशी येतो. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत तो कुत्र्यापासून आलेला असतो, आणि चावे बसणाऱ्यांत लहान मुलांचं प्रमाण मोठं असतं. लक्षणं दिसू लागल्यावर रोगी वाचणं जवळजवळ अशक्य. उपाय आधीच करायचा असतो: पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर लस आणि मग पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी पुन्हा. पण जे कुत्रं अंगाला हात लावू देत नाही, त्याला दवाखान्यात नेणार कोण? म्हणून खाऊच्या तुकड्याबरोबर ‘बस’ शिकवतानाच पाय हातात धरू देणं, कान-तोंड पाहू देणं आणि गळ्यात पट्टा घालू देणं हेही शिकवावं. इंजेक्शनच्या वेळी पुढे केलेला अंड्याचा तुकडा लसीकरण सोपं करतो.

आणि एक नियम मुलांना पाठच असावा. कुत्रं चावलं किंवा नखानं ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, तिखट, चुना काहीही लावायचं नाही. घरातलं पिल्लू असलं तरी हाच नियम.

वर्गासाठी प्रयोग

ज्यांच्या घरी लस दिलेलं कुत्रं आहे अशा दोन-तीन विद्यार्थ्यांनी हा प्रयोग घरच्या मोठ्या माणसासमोर करावा. रस्त्यावरच्या कुत्र्यांवर करू नये.

दोन सारख्या ताटल्यांत भाकरीचा आणि अंड्याचा सारख्या आकाराचा एकेक तुकडा ठेवा. कुत्रं आधी कुठं जातं ते लिहा आणि दुसरी ताटली उचला. असं दहा वेळा करा. दर वेळी ताटल्यांची डावी-उजवी बाजू बदलायची, नाहीतर कुत्र्याची आवड अंड्याची की डाव्या बाजूची, ते कळणार नाही.

समजा, दहापैकी सहा वेळा कुत्रं अंड्याकडे गेलं. अंडं जास्त आवडतं असं म्हणता येईल का? उत्तर सांगण्याआधी वर्गातल्या प्रत्येकाला एक नाणं दहा वेळा उडवायला सांगा. सहा किंवा अधिक छापे किती जणांना मिळाले? शंभरांत सुमारे ३८ जणांना ते नुसत्या योगायोगानं मिळतात. नऊ किंवा दहा छापे मात्र शंभरांत जेमतेम एकाला. मग कुत्र्याच्या आवडीबद्दल खात्रीनं बोलायला किती वेळा अंडं निवडलं जायला हवं, ते मुलांनाच ठरवू द्या.