शाळा आणि पालक – लेखांक सहावा : सहावी ते आठवीची तीन वर्षे आणि शाळेच्या नोंदवह्या

मूल प्रथम शाळेत जाऊ लागते तेव्हा आईबाप त्याला दारापर्यंत पोचवितात, गुरुजींकडे विचारपूस करतात, वहीवरचे वेडेवाकडे अक्षरही कौतुकाने न्याहाळतात. आणि तेच मूल दहावीत गेले की साऱ्या घराचा दिनक्रम पुन्हा त्याच्या अभ्यासाभोवती फिरू लागतो. या दोन जागृत कालखंडांच्या मधोमध सहावी, सातवी आणि आठवी ही तीन वर्षे अशी निघून जातात की, ‘पोर शाळेत जाते ना, मग झाले,’ यापलीकडे त्यांची चर्चाच घरात होत नाही. वस्तुतः जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेचे अंतर्गत स्वरूप याच टप्प्यावर पालटते, आणि मुलाच्या नावावर जन्मभर राहणाऱ्या काही नोंदी तपासून घेण्याची सोयीची वेळही हीच असते. म्हणून मागील लेखांकात पहिली ते पाचवीच्या वर्गांचा विचार केल्यानंतर, आज या वरच्या वर्गांची ओळख शाळेच्या नोंदवह्यांच्या मार्गाने करून घ्यावयाची आहे. कारण सरकारी शाळेत जे घडते ते कोणत्या ना कोणत्या वहीत उतरतेच, आणि त्या वह्यांत काय असते हे जाणणाऱ्या पालकाला शाळेची खरी स्थिती कोणाच्या तोंडी भाष्यावाचूनही उमगू शकते.

प्रथम शाळेची हद्द पाहू. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे गेला, तेव्हा प्राथमिक शाळा म्हणजे सातवीपर्यंतची शाळा हीच सर्वमान्य समजूत होती. जुन्या पिढीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षाही सातवीच्याच अखेरीस होत असे, आणि आठवी हा हायस्कुलाचा प्रांत मानला जाई. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि त्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत मिळण्याचा हक्क दिला. तरीही पुष्कळ गावांत शाळा आजही सातवीला, क्वचित पाचवीलाच संपते. अशा गावातील पालकाने पुढचा वर्ग कोठे आहे याची चौकशी वर्षाच्या आरंभीच करावी. मुलाला दुसऱ्या शासकीय वा अनुदानित शाळेत जाऊन आठवी पुरी करण्याचा हक्क आहे; मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि तो मिळण्यास विलंब झाला या सबबीवर नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

दाखल्याचा विषय निघाला म्हणजे जनरल रजिस्टराकडे वळणे क्रमप्राप्त आहे. मुलाचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात या बाबी त्यात ज्या स्वरूपात लिहिल्या गेल्या असतील त्याच दाखल्यावर उतरतात, आणि तेथून बोर्डाच्या प्रमाणपत्रापर्यंत त्यांचा प्रवास होतो. जातपडताळणीच्या वेळी आजोबापणजोबांच्या शाळेतील नोंदी पुरावा म्हणून धुंडाळाव्या लागतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या रजिस्टराचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. नावातील ऱ्हस्वदीर्घ, वडिलांच्या नावाची मोड, जन्मदाखल्याशी न जुळणारी तारीख अशी कोणतीही चूक मूल शाळेच्या पटावर असतानाच मुख्याध्यापकांमार्फत, पुराव्यासह अर्ज करून आणि वरिष्ठांची मंजुरी घेऊन दुरुस्त होऊ शकते. शाळा सुटल्यानंतर मात्र हीच दुरुस्ती अत्यंत दुष्कर होते. सहावीच्या प्रारंभी एकदा मुख्याध्यापकांकडे जाऊन ही नोंद डोळ्यांखालून घालणे, यात फार तर अर्धा तास जाईल.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे वर्गाचे वेळापत्रक. पाचवीपर्यंत बहुधा एकच शिक्षक सर्व विषय शिकवितात. सहावीपासून विषयवार अध्यापन अपेक्षित असते. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा, दर पस्तीस विद्यार्थ्यांमागे निदान एक शिक्षक पडावा, आणि पट शंभराच्या वर गेल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक व कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. वर्षात किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे आणि १००० तास अध्यापन झाले पाहिजे. गणिताच्या तासाला नेमके कोण येतात, आणि ती जागा रिक्त असेल तर तो तास कोणाकडे सोपविला आहे, हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण या कामांवर शिक्षकांना धाडण्याची मुभा कायद्यानेच ठेवली आहे, हेही पालकाने ध्यानी घ्यावे, म्हणजे शिक्षकाच्या प्रत्येक गैरहजेरीचा दोष त्याच्या माथी मारला जाणार नाही. उलटपक्षी, खाजगी शिकवणी घेण्यास शिक्षकांना कायद्याने मनाई आहे आणि मुलाला शारीरिक शिक्षा वा मानसिक छळ सर्वथा निषिद्ध आहे.

मूल्यमापनाच्या बाबतीत पालकांचे गैरसमज सर्वाधिक आहेत. ‘आठवीपर्यंत नापास करीत नाहीत’ हे वाक्य गावोगाव इतके रूढ झाले आहे की त्याच्या आधाराने अभ्यासाकडे पाठ फिरविली जाते. २०१९ साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ साली महाराष्ट्राने आपले नियम बदलले. त्यानुसार आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते, तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि तीतही यश न आल्यास त्याला त्याच वर्गात बसावे लागते. मात्र प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणाही मुलाला शाळेतून काढता येत नाही. सहावी-सातवीला वर्षभराचे आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरचे संकलित मूल्यमापन अशी विभागणी असते. सहावीला दोहोंचा भार समसमान, तर सातवीला आकारिक ४० आणि संकलित ६० टक्के. तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प हे सारे आकारिकात मोडत असल्यामुळे प्रगतिपुस्तकातील श्रेणी वाचताना ती कशाच्या बळावर मिळाली हे विचारणे अगत्याचे ठरते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. या परीक्षेला बसण्यासाठी सातवीचे गुण पाहिले जातात, ही गोष्ट पुष्कळांना आठवी उजाडल्यावर कळते.

पोषण आहाराची नोंदवही अनेकांच्या दृष्टीने क्षुल्लक. परंतु अकरा ते चौदा या वाढीच्या वयात तिचे मोल थोडे नाही. या वर्गांतील प्रत्येक मुलामागे रोज १५० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. शिजविलेले अन्न वाढण्यापूर्वी चाखून चव रजिस्टरात अभिप्राय लिहिण्याची पद्धत आहे. वरणात डाळ किती आणि पाणी किती हे पालकांनी पाळीपाळीने जाऊन स्वतः चाखावे आणि आपला अभिप्राय त्या वहीत नोंदवावा.

हजेरीपट सर्वांत साधा, पण सर्वांत बोलका. या वयात मुलींची हजेरी तुटक होऊ लागते, आणि तिची कारणे शाळेत पाणी असलेले स्वतंत्र स्वच्छतागृह नसणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, शाळा दूर असणे अशी अगदी व्यावहारिक असतात. प्रवासाच्या अडचणीवर ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मिळणारा एस.टी.चा मोफत पास हा उपाय आहे. बीडसारख्या जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांनी मुलांना बरोबर नेण्यापूर्वी गावात हंगामी वसतिगृहाची सोय आहे काय, हे आधी विचारावे. कारण चार-सहा महिन्यांच्या खंडानंतर सातवीच्या गणिताशी पुन्हा गाठ घालणे बहुतेकांना जमत नाही, आणि पुढल्या वर्षी पटावरचे ते नावच ओसरते.

या साऱ्या वह्यांवर देखरेख ठेवणारी वही म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. या समितीत कायद्याने किमान पाऊण सभासद पालक असले पाहिजेत आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे हे तिचे कर्तव्य होय. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी सभा कागदावर भरते आणि सह्या घरोघर फिरून गोळा होतात; ठराव न वाचता त्याखाली अंगठा वा सही करणारा पालक आपला अधिकार आपल्याच हाताने मिटवून टाकतो. शिक्षकाची रिक्त जागा, गळके छप्पर, बंद पडलेला हातपंप यांविषयीची तक्रार तोंडी राहिली तर ती हवेत विरते; समितीच्या ठरावात आली की तिला जावक क्रमांक मिळतो आणि मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि अखेर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी या पायऱ्यांनी तिचा पाठपुरावा करता येतो.

शिक्षणहक्क कायद्याने या शाळेच्या कारभारात पालकाला सभासदत्वाची जागा दिली आहे. ती रिकामी ठेवून शाळेला नावे ठेवणे न्याय्य नव्हे. म्हणून शाळा सुरू होताच जनरल रजिस्टरातील नोंद, वर्गाचे वेळापत्रक आणि समितीच्या पुढील सभेची तारीख एवढ्या तीन गोष्टी पालकांनी विचारून घ्याव्यात. आठवीनंतर हायस्कुलाची निवड करताना अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांतील भेद कसा ओळखावा, याचा विचार पुढील लेखांकात करू.