विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

पुस्तक विकत घेणे म्हणजे काय, असे आमच्या आजोबांच्या पिढीला कोणी विचारले असते, तर विचारणाऱ्याच्याच प्रकृतीची चौकशी झाली असती. दाम मोजले, पहिल्या पानावर नाव घातले, की पुस्तक आपले झाले. मग ते शेजाऱ्याला वाचायला द्यावे (तो परत करील की नाही हा भाग निराळा), वाचनालयाला भेट द्यावे, नाही तर रद्दीवाल्याच्या तराजूत टाकावे. प्रकाशकाला त्याबद्दल चकार शब्द काढता येत नसे.

या समजुतीमागे कायदाही उभा आहे. अमेरिकेत बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने आपल्या एका कादंबरीत छापले होते की, एक डॉलरहून कमी किमतीस ही प्रत कोणी विकू नये. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती 89 सेंटांना विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1908 साली निकाल लागला की, प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढच्या विक्रीची किंमत ठरविण्याचा अधिकार ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याने प्रकाशकास दिलेला नाही. मजकुराचा हक्क त्याचा. प्रत मात्र घेणाऱ्याची.

पडद्यावर वाचण्याच्या पुस्तकांनी नेमका हाच भेद पुसून टाकला. असे पुस्तक दुसऱ्याला देणे म्हणजे त्याची नवी प्रत करणे, आणि प्रत करण्याचा हक्क तर मजकुराच्या मालकाचा. कंपन्यांची ही अडचण अगदीच खोटी नाही. परंतु त्यावर त्यांनी काढलेली तोड पाहा. त्या प्रत विकतच नाहीत. वाचण्याचा परवाना देतात, पुस्तकाला कुलूप घालतात आणि किल्ली स्वतःपाशी ठेवतात. बटणावर मात्र ठसठशीत लिहिलेले असते, ‘विकत घ्या’. परवान्याची गोष्ट लांबलचक अटींत कोठे तरी दडलेली. भाडेकरूच्या हाती खरेदीखत म्हणून भाडेचिठ्ठी द्यावी, तसाच हा प्रकार.

किल्ली कोणापाशी आहे, हे जुलै 2009 मध्ये दिसले. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती हक्क नसलेल्या विक्रेत्याने ॲमेझॉनवर विकल्या होत्या. चूक ध्यानात येताच कंपनीने त्या ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या आणि पैसे परत केले. सरकार नको असलेला मजकूर नाहीसा करते, असे ज्या कादंबरीत दाखविले आहे, तीच नाहीशी व्हावी, हा योगायोग कोणा विनोदी लेखकालाही सुचला नसता. पैसे मिळाले, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. पण एक विद्यार्थी अभ्यासासाठी त्या पुस्तकावर टिपणे करीत होता. पुस्तक गेल्यावर ती टिपणे निराधार झाली. तो न्यायालयात गेला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली आणि पुढे दाव्यात तडजोड झाली.

2019 साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकानच बंद केले. त्याबरोबर ग्राहकांनी घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. येथेही पैसे परत मिळाले. पण दुकान मिटल्यावर घरातल्या फडताळातली पुस्तके उडून जातात, हा अनुभव कागदाच्या वाचकाला कधी आला नव्हता. ॲमेझॉनने 26 फेब्रुवारी 2025 पासून, घेतलेली किंडल-पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सोयही काढून घेतली.

कॅलिफोर्निया राज्याने 1 जानेवारी 2025 पासून कायदा लागू केला आहे: हा केवळ परवाना आहे, असे ठळकपणे सांगितल्याशिवाय अशा मालाला ‘विकत घ्या’ म्हणता येणार नाही. कायमची उतरवून घेता येणारी पुस्तके त्यातून वगळली आहेत, आणि ते योग्यच आहे. जे आपल्याकडे राहते ते विकले म्हणायला हरकत कसली?

आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ई-व्यापाराच्या व्याख्येत अशा अंकीय मालालाही घेतले आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहकाला भुलविण्याच्या 13 तऱ्हांना मनाई केली. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, वर्गणी बंद करण्याची वाट अवघड करून ठेवणे, अशा गोष्टी त्यांत आल्या आहेत. परवान्याला खरेदी म्हणणे ही त्या यादीत स्वतंत्र तऱ्हा म्हणून आलेली नाही. आमच्या मते ती चौदावी असावी.