शुभेच्छापत्राची घडी का तडकते?

यंदा संक्रांतीच्या शुभेच्छापत्रांवर चित्रे छान होती, पण अनेकांची घडी तडकली. मुले हिरमुसली, हात चुकला म्हणाली. आम्ही पत्रे तपासली. हात चुकला नव्हता, घडीची दिशा चुकली होती.

२०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या कागजनगरला कागद बनतो. लगदा पुढे धावणाऱ्या जाळीवर पसरतो, तेव्हा त्यातले बहुतेक तंतू त्याच दिशेने लांबतात. म्हणून कार्डशीट एकीकडे सहज वाकते, दुसरीकडे अडते. आधी न मोडता दोन्हीकडे वाकवून पाहावी आणि सहज वाकेल तिकडेच घडी घ्यावी. ए-४ शीट लांबीत वाकत असेल तर १०५ मिलिमीटरवर घडी घालून उंच पत्र करावे. १४८.५ वरच हवी असेल, तर रेघ दोनदा दाबावी.

रेघेसाठी ब्लेड नको. शीटखाली वर्तमानपत्र ठेवून, स्टीलच्या पट्टीला लावून संपलेली रिफिल ओढावी. खाच बाहेर, उंचवटा आत राहील अशी घडी घालावी. वर कोरा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाबावे.

पालकांनी नवी शीट आणण्याआधी जुन्या लग्नपत्रिकांवर मुलांचा सराव करून घ्यावा. त्या घरोघरी पडून असतातच.