वारा आत, आवाज बाहेर

वैशाखात चिंचपाड्याला रात्री अंगणात खाट टाकून पडलं, की लांबच्या कुठल्या तरी पाड्यावरचं लग्न ऐकू येतं. ऐकू येतो तो ढोल. तिथे सनई असते, बाया गात असतात, पण तीन-चार शेतं ओलांडेपर्यंत ते सूर हवेत आणि झाडापानांत विरून जातात. ढोलाचा ठोका तेवढा पोचतो. मग सुरत-भुसावळ मार्गावरून मालगाडी येते. चिंचपाडा स्टेशन नवापूर आणि खांडबारा यांच्या मध्ये आहे, आणि हा मार्ग दुहेरी झाल्यापासून रात्रही रिकामी राहत नाही. आत जाऊन खिडकी लावली तर चाकांचा खडखडाट, भोंग्याची धार बरीच कमी होते. घरघर मात्र उरते. छातीत जाणवावी अशी ती घरघर भिंत ओलांडून आत येते.

आणि खिडकी लावायची तरी कशी? नंदुरबार जिल्ह्यातल्या मे महिन्यात रात्रीची हवा आत येणं ही चैन नव्हे, ती झोपेची अट आहे. आवाज अडवायचा तर वारा अडतो, वारा घ्यायचा तर आवाज येतो. लहान मूल, आजारी माणूस, पहाटे उठून शेतावर जाणारा, सगळे या कात्रीत सापडतात. म्हणूनच ध्वनिशास्त्रातली गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली एक गोष्ट मला प्रयोगशाळेपेक्षा अशा गावात जास्त मोलाची वाटते.

आधी भिंतीचं बघू. भिंत जितकी जड, तितका आवाज कमी, हा जुना हिशेब. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल आवाज घटतो. पण आवाजाची वारंवारता निम्मी झाली, म्हणजे तो तितका खर्जात गेला, की तेच ६ डेसिबल हातचे जातात. १०० हर्ट्झची घरघर घेतली तर तिची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर, खोलीच्या लांबीएवढी. शेणामातीने लिंपलेला कुड किंवा कौलारू छप्पर तिच्या वाटेत येतं ते नावापुरतं. वजनाच्या जोरावर तिला रोखायचं, तर किल्ल्याची तटबंदी बांधावी लागेल.

दुसरी वाट आहे, असा पहिला ठळक इशारा मिळाला तो एका शिल्पातून. माद्रिदमध्ये युसेबियो सेम्पेरे या शिल्पकाराने पोलादाच्या उभ्या नळ्यांची एक रचना उभी केली आहे. नळ्या सुमारे ३ सेंटिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून १० सेंटिमीटरवर. त्यांच्यातून वारा आरपार जातो, नजरही जाते. १९९५ मध्ये स्पॅनिश शास्त्रज्ञांनी तिथे ध्वनी मोजला, आणि १६७० हर्ट्झच्या आसपासचा आवाज या मोकळ्या रचनेतून जाताना स्पष्ट घटलेला दिसला. प्रत्येक ओळीवरून थोडा थोडा आवाज परत फिरतो. ओळींमधलं अंतर तरंगलांबीच्या निम्मं असलं, की हे परतलेले तरंग एकमेकांत मिसळून बळकट होतात आणि पुढे जायला फारसं काही उरत नाही.

आमच्या १०० हर्ट्झसाठी हेच करायचं तर ओळींमध्ये १ मीटर ७० सेंटिमीटरचं अंतर हवं, आणि नळ्याही त्याच प्रमाणात जाड. सागाची लागवड पुष्कळदा दोन-दोन मीटरवर असते, म्हणून क्षणभर आशा वाटते. पण सागाची खोडं त्या मानाने फार सडपातळ. म्हणजे या रीतीने खर्जाला अडवायचं तर उपाय जंगलाएवढा मोठा होतो.

२००० साली हाँगकाँगमधल्या पिंग शेंग यांच्या गटाने जी युक्ती काढली, ती घरी करून बघता येते. एक कुलूप रबरबँडला बांधा आणि रबराचं दुसरं टोक हातात धरा. हात सावकाश वर-खाली केला तर कुलूपही हाताबरोबर वर-खाली होतं. वेग वाढवत न्या. एका ठेक्यावर कुलूप पिसाटल्यासारखं उसळतं. तो त्या जोडीचा स्वतःचा ठेका, म्हणजे अनुनाद. आता हात आणखी थोडा भरभर हलवा आणि नीट बघा. हात वर जातो तेव्हा कुलूप खाली येतं, हात खाली आला की ते वर जातं. त्या क्षणी ते तुमच्या विरोधात ओढत असतं.

शेंग यांच्या गटाने शिशाच्या सेंटिमीटरभर गोळ्या मऊ सिलिकॉन रबरात गुंडाळून त्या इपॉक्सीच्या ठोकळ्यात ओळीने बसवल्या. ठोकळ्यात शेकडो कुलुपं, शेकडो रबरं. ४०० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी त्यात शिरला, की गोळ्या उलट्या बाजूने ओढू लागतात आणि ध्वनी पुढे सरकू शकत नाही. ठोकळ्याचं वस्तुमान गणिताने काढलं, तर त्या पट्ट्यात ते चक्क ऋण येतं: पुढे ढकलाल तर मागे येणारी वस्तू. शिसं तेच, रबर तेच, गुण मात्र दोहोंपैकी कोणातच नसलेला. तो रचनेतून येतो. अशा रचलेल्या पदार्थांना मेटामटेरियल म्हणतात.

२००८ मध्ये याच मंडळींनी ठोकळाही बाजूला ठेवला. ताणलेला पातळ पडदा आणि त्याच्या मधोमध चिकटवलेलं छोटं वजन, एवढ्यावर त्यांनी खर्जातला आवाज अडवून दाखवला. हे चित्र तबलजीच्या ओळखीचं आहे. तबल्याच्या पुडीवरची शाई म्हणजे ताणलेल्या पडद्यावर बेतून चढवलेलं वजनच. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं होतं, की या वजनामुळे पडद्याचे विस्कळीत उपस्वर मूळ स्वराशी सुरेल प्रमाणात येतात. तबल्यात हेतू आवाज घडवण्याचा, हाँगकाँगमध्ये तो थांबवण्याचा. पण वजन कुठे आणि किती ठेवलं म्हणजे पडदा काय करेल, ही जाण आपल्या कारागिरांच्या बोटांत शतकानुशतकं आहे, आणि तिला मी विज्ञानच म्हणेन.

पण खिडकीला पडदा ताणला की वारा पुन्हा अडला. म्हणून आता तुंबा हातात घेऊ. वाळवून पोखरलेल्या कडू भोपळ्याचा तुंबा शेतावर पाणी न्यायला वापरायचे, अजून कुठे कुठे दिसतो. रिकाम्या तुंब्याच्या तोंडावरून तिरकी फुंकर घातली की तो घुमतो. गळ्यातली हवा हे कुलूप, पोटातली हवा हे रबर. (डोंगऱ्या देवाच्या उत्सवातल्या पावरीतही भोपळा असतो, पण तिथे तो वादकाची फुंक साठवणारी कोठी आहे, सूर पात्यांतून आणि नळ्यांतून निघतो.) तुंबा नसेल तर लिटरभराची रिकामी बाटली चालेल. तिचा गळा पाच सेंटिमीटर लांब आणि दोनेक सेंटिमीटर रुंद असला, तर हिशेब ११५ हर्ट्झच्या आसपास जातो. बाटलीचा घेर ओंजळीत मावणारा आणि ज्या तरंगाशी तिचं जमतं तो तीन मीटरचा! इवल्याशा वस्तूने एवढ्या लांब तरंगाला हात घालावा, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात निकोलस फँग आणि सहकाऱ्यांनी पाण्यात अशाच बारीक कुप्यांची रांग लावून तिच्यातून अतिध्वनी नेला आणि रचलेल्या पदार्थाचा हा दुसरा ऋण गुण दाखवला: दाबलं की आक्रसण्याऐवजी फुगणारं माध्यम.

कुप्या वाऱ्याच्या वाटेत नसतात, वाटेच्या कडेला असतात. खिडकीसाठी कामाचं आहे ते हेच. २०१९ मध्ये बोस्टन विद्यापीठात शिन झांग यांच्या गटाने प्लास्टिकचं एक कडं छापलं. त्याचा निम्म्याहून अधिक भाग मधोमध मोकळा, आणि भोवतीच्या जाडीत वळणावळणाच्या वाटा. आवाजाचा काही भाग मधून सरळ जातो, काही वळणं घेत उशिरा पोचतो. दोघे उलट्या ठेक्यात भेटतात आणि एकमेकांना मिटवतात. नळीच्या तोंडाशी हे कडं लावल्यावर, ज्या स्वरासाठी ते बेतलं होतं त्याची ९४ टक्के ऊर्जा अडली आणि हवा वाहत राहिली.

खोट आहे ती ‘ज्या स्वरासाठी बेतलं होतं’ या शब्दांत. मालगाडी एका स्वरात कधीच येत नाही.

याचं उत्तर रात्री दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगांकडे आहे. वटवाघळं अतिध्वनी सोडून, त्याच्या पडसादावरून पतंगाला टिपतात. ब्रिस्टल विद्यापीठातल्या मार्क होल्डेरीड यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं, की काही पतंगांच्या पंखांवरची खवलं हा अतिध्वनी शोषून घेतात. त्यांनी तपासलेल्या पतंगांत चिनी टसर रेशमाचा पतंग होता, आपल्याकडे ऐन-अर्जुनावर वाढणाऱ्या टसर पतंगाचा भाऊबंद. प्रत्येक खवल्याचा आकार थोडा वेगळा, म्हणून ठेकाही वेगळा. एक खवलं एकच पट्टा सांभाळतं, आणि सगळी मिळून २० ते १६० किलोहर्ट्झ. ज्या तरंगांना तो पंख गिळतो, त्यांतल्या सर्वांत लांब तरंगाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही तो पातळ असतो.

प्रयोगशाळा हेच वेगवेगळ्या लांबीच्या बंद नळ्यांनी करू बघतात. नळीच्या तळावर आपटून परत फिरलेला तरंग, नळीची लांबी तरंगलांबीच्या पाव असेल तर, बाहेरच्या तरंगाला नेमका उलटा भेटतो. १०० हर्ट्झसाठी ८५ सेंटिमीटर लांबी लागते, १५० साठी ५७, २०० साठी साडेबेचाळीस. एका बाजूला बंद आणि एका बाजूला उघडी नळी म्हणजे पेराखाली कापलेला बांबू. फक्त लांबी साधायला आतली मधली पेरं फोडावी लागतील आणि तळाचं राखावं लागेल.

नवापूर-तापी पट्ट्यात बांबूकाम करणारा कोटवाळिया समाज आहे. टोपल्या, सुपं, तट्टे विणणारे हे हात पेर कुठे येतं ते न बघता सांगतात. रुळांकडच्या खिडकीच्या चौकटीला चारही बाजूंनी कमी-जास्त लांबीच्या बांबूंची मोकळी तोंडं येतील, अशी रचना त्यांच्या हातून करून घ्यावी आणि जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या मुलांनी रात्री मालगाडी येताना आतला आवाज मोजावा, असं मला फार वाटतं. मोजणी तीनदा करावी: खिडकी बंद ठेवून, उघडी ठेवून, आणि बांबू लावून उघडी ठेवून. कौलं, कुडाच्या फटी, जमिनीतून येणारी थरथर हे सगळं बांबूच्या हाती नाही, तेव्हा घरघर पुरती जाणार नाही. किती जाते, तेवढा आकडा मला हवा आहे. खर्च काही बांबूंचा, एका करवतीचा आणि दोन-चार रात्रींच्या जागरणाचा.