उधळ्या पुत्राचा पिता

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत ख्रिस्तेतर वाचकांनाही परिचित आहे. बापाच्या हयातीतच आपला वाटा मागून घेणारा धाकटा मुलगा परदेशी सर्वस्व उधळतो. दुष्काळ पडतो, डुकरे चारण्याची पाळी येते आणि अखेर तो घरची वाट धरतो. मोलकरी म्हणून तरी ठेवून घ्यावे, ही विनवणी त्याने मनाशी घोळवून ठेवलेली आहे. परंतु मुलगा दूर असतानाच पिता त्याला पाहतो आणि धावत सुटतो. त्या काळच्या ज्यू समाजात घरच्या कर्त्या पुरुषाने असे धावणे प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते! विनवणी पुरी होण्याआधीच झगा, अंगठी आणि जोडे आणण्याची आज्ञा सुटते. मोलकऱ्याची गोष्ट बोलायची राहूनच जाते.

व्यवहारात अपराध्याने आधी पश्चात्ताप सिद्ध करावा व मग क्षमेची अपेक्षा धरावी, असा क्रम असतो. या दृष्टांताने तो उलटा केला आहे. येथे पश्चात्ताप हे क्षमेचे मोल नव्हे. आधीच उघड्या असलेल्या दारातून आत येणे, एवढाच त्याचा अर्थ. 'पश्चात्ताप' या आपल्या शब्दात मागाहून होणारा दाह आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया' मन पालटण्याचा आहे, तर हिब्रू संदेष्ट्यांचा शब्द नुसता परत फिरण्याचा. हा भेद केवळ कोशातला नव्हे. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला दाह झालाच होता; चांदीची तीस नाणी परत टाकून त्याने गळफास घेतला. तीन वेळा येशूला नाकारणारा पेत्रही ढसढसा रडला, पण तो परतला. दोघांच्या अश्रूंत फारसे अंतर नसावे; दिशेत होते.

अशा करुणेने अन्याय सोकावणार नाही काय, हा आक्षेप मात्र सहज झटकून टाकण्याजोगा नाही. नाझी राजवटीने १९४५ साली फाशी दिलेले जर्मन धर्मपंडित डीट्रिश बोनहोफर यांनीही जीवनपालटाविना मिळणाऱ्या 'स्वस्त' कृपेवर कठोर टीका केली होती. दृष्टांतात हा आक्षेप थोरल्या भावाच्या तोंडी आहे. तो रागाने अंगणातच थांबतो. पिता त्याचीही मनधरणी करावयास बाहेर येतो. परंतु थोरला घरात गेला की नाही, हे येशूने सांगितलेच नाही.

अंगणातला तो प्रश्न मध्य प्रदेशातील एका घटनेने खरोखरीच उभा केला. देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया या केरळच्या धर्मभगिनी गोरगरिबांना सावकारी पाशातून सोडविण्याचे काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदरसिंह नावाच्या तरुणाने बसमधील प्रवाशांच्या देखत त्यांची हत्या केली. न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. तुरुंगात त्याच्या मनात अनुतापापेक्षा सूडच अधिक होता. ज्यांनी चिथावले, त्यांनीच वाऱ्यावर सोडले, हा त्याचा संताप होता. स्वामी सदानंद हे कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटू लागले. पुढे २००२ साली राणी मारिया यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटाला राखी बांधली. कायद्याने आपले काम केलेच होते. समंदरसिंहाने सुमारे अकरा वर्षे कारावास भोगला. सुटकेसाठी मृत भगिनीच्या कुटुंबानेच रदबदली केली आणि २००६ साली तो बाहेर आला. नंतर तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा त्या घराने त्याला आत घेतले.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना 'धन्य' घोषित करण्यात आले. त्या सोहळ्यास जमलेल्या हजारोंत समंदरसिंहही होता.