घरमालक की इमिग्रेशन ऑफिसर?

फायनल इयर जवळ आलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन प्रकारची माणसं दिसतात. एक प्लेसमेंटवाली आणि दुसरी ‘एमएस’वाली. दुसऱ्या गटाच्या टेबलावर युनिव्हर्सिटी, फी, स्कॉलरशिप, व्हिसा अशा सगळ्याच्या प्रिंटआउट्स असतात. पण तिथे गेल्यावर राहायचं कुठे, हा प्रश्न सहसा शेवटी येतो. इंग्लंडला जाणाऱ्यांनी तरी तो आधी घ्यावा. कारण तिथे तुमचा व्हिसा विमानतळावरचा अधिकारी तर तपासतोच, पण घरमालकही तपासतो आणि तेही कायद्यानेच!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष? पुण्या-मुंबईतही भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायला लागतेच की. खरं आहे. पण इथे मालक माहिती देतो आणि पुढचं पोलीस बघतात. इंग्लंडमध्ये तपासायचं मालकाने, ठरवायचं मालकाने आणि नियम मोडला तर दंडही भरायचा मालकानेच.

या पद्धतीचं नाव ‘राइट टू रेंट’. बेकायदा राहणाऱ्यांना देशात राहणं अवघड व्हावं, असं धोरण तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी २०१२ मध्ये मांडलं. त्यातून २०१४ चा इमिग्रेशन अ‍ॅक्ट आला. १ डिसेंबर २०१४ पासून बर्मिंगहॅम आणि आसपासच्या भागात ही पद्धत सुरू झाली आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून सगळ्या इंग्लंडमध्ये. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ती लागू नाही.

दंड किती? सुरुवातीला पहिल्या चुकीला एका भाडेकरूमागे जास्तीत जास्त १,००० पौंड होता. १३ फेब्रुवारी २०२४ पासून तो १०,००० पौंडांपर्यंत गेला. पुन्हा तीच चूक झाली तर २०,०००. शिवाय डिसेंबर २०१६ पासून, माहीत असूनही बेकायदा माणसाला घर दिलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो.

इथे आपल्या हॉस्टेलच्या गेटवरच्या वॉचमनकाकांची कल्पना करा. समजा रेक्टरसरांनी नोटीस लावली, ‘बाहेरचा एक जरी मुलगा आत आला तर काकांच्या पगारातून दहा हजार कापले जातील.’ पण हॉस्टेलच्याच मुलाला चुकून बाहेर ठेवलं तर? काही नाही! मग काका काय करतील? ज्याच्या आय-कार्डवरचा फोटो जरा पुसट, त्याला थेट ‘उद्या या’. यात काका दुष्ट आहेत असं मुळीच नाही, त्यांना फक्त पगार वाचवायचा आहे. आपण शिकतो ना, फॉल्स पॉझिटिव्ह आणि फॉल्स निगेटिव्ह? दोनपैकी एकाच चुकीला दंड लावला की माणूस दुसरी चूक बिनधास्त करायला लागतो.

इंग्लंडमध्ये नेमकं हेच झालं. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या जेसीडब्ल्यूआय या संस्थेने २०१७ मध्ये घरमालकांची पाहणी केली. या योजनेमुळे ब्रिटिश पासपोर्ट नसलेल्याला घर देण्याची शक्यता कमी झाली, असं ४२ टक्के मालकांनी सांगितलं. तुरुंगवासाच्या शिक्षेचा विचार करून उत्तर द्या म्हटल्यावर हा आकडा ४८ टक्क्यांवर गेला. आणि यात फक्त परदेशीच अडकतात असंही नाही. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे १७ टक्के लोकांकडे पासपोर्टच नव्हता!

माझी मावसबहीण दोन वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमला एमएससी करत होती. व्हिसा व्यवस्थित, डिपॉझिटचे पैसे तयार. एका एजंटने फोनवर सांगितलं की फ्लॅट रिकामा आहे. पण पासपोर्ट भारतीय आहे म्हटल्यावर ‘कळवतो’ म्हणाला, आणि कळवलंच नाही. ताई म्हणते, ‘तोंडावर नाही म्हणाला असता तर भांडले तरी असते गं!’ वंश किंवा राष्ट्रीयत्व बघून घर नाकारणं २०१० च्या इक्वालिटी अ‍ॅक्टप्रमाणे बेकायदाच आहे. पण कोर्टात जायचं भाडेकरूने. जो माणूस नुसता गप्प बसला, त्याच्याविरुद्ध सिद्ध काय करणार?

प्रकरण कोर्टात गेलंही. १ मार्च २०१९ रोजी हायकोर्टाचे न्यायाधीश मार्टिन स्पेन्सर यांनी निकाल दिला की या योजनेमुळे मालक भेदभाव करतात आणि ती मानवी हक्कांशी विसंगत आहे. पण एप्रिल २०२० मध्ये अपील कोर्टाने हा निकाल फिरवला. भेदभाव होतो हे त्यांनीही मान्य केलं, पण योजनेचा उद्देश बघता ती समर्थनीय आहे असं ठरवलं. त्यामुळे योजना आजही चालू आहे.

याच्या अगदी उलटा रस्ता अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने घेतला. २००७ साली तिथे कायदा झाला की घरमालकाने भाडेकरूला इमिग्रेशनबद्दल विचारायचंच नाही. ओळख पटवा, भाडं परवडतं का बघा, बस. १ जानेवारी २०१८ पासून तर ‘इमिग्रेशनवाल्यांना कळवीन’ अशी धमकी देऊन भाडेकरूला घराबाहेर काढणंही बेकायदा झालं. म्हणजे घरमालकाला पहारेकरी केलंच पाहिजे असं काही नाही.

आता जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी.

पहिली, शक्यतो पहिलं वर्ष युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये काढा. विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलला हा नियम लागू नाही.

दुसरी, व्हिसा आता डिजिटल असतो. ब्रिटिश सरकारच्या साइटवर जाऊन घरासाठीचा ‘शेअर कोड’ आधीच काढून ठेवा. तो नऊ अक्षरांचा असतो, इंग्रजी ‘आर’ने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. मालकाला तो आणि आपली जन्मतारीख दिली की त्याचं काम पाच मिनिटांत होतं.

तिसरी, एजंटने विचारायची वाट बघू नका. पहिल्याच मेलमध्ये कोड द्या आणि जे बोलणं होईल ते लेखी ठेवा. ‘कळवतो’सुद्धा!

ज्यांना कुठेच जायचं नाही, त्यांनीही यावर विचार करायला हरकत नाही. उद्या आपल्यापैकीच कोणीतरी अशा तपासणीची सिस्टिम डिझाइन करणार आहे. चुकून आत आलेला माणूस रेकॉर्डवर येतो, चुकून बाहेर राहिलेल्याची मात्र कुठे नोंदच होत नाही. सिस्टिम बनवताना त्याच्यासाठीही एक कॉलम ठेवा.